दाद आणि न्याय



वसंत व्याख्यानमालेत इतिहासावर बोलायचे म्हटले म्हणजे शिवकाल, पेशवाई किंवा आपल्या पालघरच्या 1942 च्या हुतात्म्यांची कथा ऐकावयास मिळेल, अशी आपली अपेक्षा असणार. आज आम्ही निवडलेला विषय काहींना पोरकट वाटेल. तो आहे एका जपानी चित्रमालिकेचा. आणि त्याहूनही अधिक, ती मालिका पाहणाऱ्यांनी जो वाद घातला त्याचा. वडीलधारी मंडळी ज्याला ‘कार्टून’ म्हणून बाजूस सारतात आणि घरातली कॉलेजात जाणारी मुले ज्याला ‘ॲनिमे’ म्हणतात, त्यातली ही मालिका आहे.

जपान हा देश आपल्या भागाला आता तितकासा दूरचा राहिलेला नाही. मुंबई-अहमदाबाद जलद रेल्वेच्या महाराष्ट्रातील चार स्थानकांपैकी एक आपल्या बोईसरला योजलेले आहे, आणि त्या गाडीचे तंत्र जपानचे आहे. रूळ घालण्याच्या कितीतरी आधी जपानची चित्रे मात्र आपल्या घरांत शिरली. हा प्रवेश तसा जुनाच. युगो साको या जपानी निर्मात्याने आपले ज्येष्ठ चित्रकार राम मोहन यांच्या साहाय्याने रामायणावर पूर्ण लांबीचा चित्रपट केला, तो 1990 नंतरच्या पहिल्या दोनतीन वर्षांत पुरा झाला. आपली कथा त्यांनी काढली, आता त्यांच्या कथा आपली मुले पाहतात. तेव्हा त्यांत काय आहे, हे एकदा समजून घेण्यास हरकत नसावी.

ज्या मालिकेविषयी आम्ही बोलत आहोत तिचे नाव ‘हिबिके! युफोनियम’. युफोनियम हे पितळेचे, फुंकून वाजवावयाचे, भरदार आवाजाचे वाद्य होय. ट्रंपेटसारखे ते पुढे येऊन मिरवत नाही. इतरांच्या सुरांना खालून आधार देते. अयानो ताकेदा या लेखिकेची या विषयावरील पहिली कादंबरी 2013 साली निघाली. तीवरून क्योतो ॲनिमेशन या संस्थेने 2015, 2016 आणि 2024 अशा तीन पर्वांत मालिका केली. मध्यंतरी चित्रपटही काढले. कथा क्योतोजवळच्या उजी गावातील एका शाळेच्या बँडची आहे. युद्ध नाही, राक्षस नाही, जादू नाही. मुलेमुली शाळा सुटल्यावर वाद्ये घासतात, चुकतात, रडतात, पुन्हा वाजवतात आणि देशव्यापी स्पर्धेत सुवर्णपदक मिळावे म्हणून धडपडतात. कथानक म्हणावे तर एवढेच.

शाळेच्या बँडचे जपानला एवढे महत्त्व का, याचे उत्तर इतिहासात आहे. 1869 साली सात्सुमा प्रांतातील सुमारे तीस तरुणांना योकोहामा येथे जॉन विल्यम फेंटन या इंग्रज पलटणीतील बँडमास्तराच्या हाताखाली ठेवण्यात आले. जपानमधील पाश्चात्त्य धर्तीच्या बँडचा हा आरंभ. ‘किमिगायो’ या राष्ट्रगीताला पहिली चाल याच फेंटनने लावली होती. ती पुढे मागे पडली व आज गायिली जाणारी चाल 3 नोव्हेंबर 1880 रोजी प्रथम वाजली. ही तारीख ध्यानात ठेवावी, कारण तिच्याकडे आम्हांला परत यावयाचे आहे. पलटणीतला बँड हळूहळू शाळेत आला. 1940 पासून शाळा व इतर पथकांची राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली. युद्धामुळे ती खंडित झाली व 1956 साली पुन्हा चालू झाली. प्रत्येक पथकाला मिळतात फक्त बारा मिनिटे. या शाळेच्या गटात व्यासपीठावर बसता येते पंचावन्न जणांना. ज्या शाळेत ऐंशीनव्वद मुले वाजवणारी आहेत तिथे तीसेक मुलांनी खाली बसावयाचे, हे ओघानेच आले. मालिकेतले सारे नाट्य या आकड्यातून उत्पन्न होते.

पहिल्या पर्वातला प्रसंग असा. स्पर्धेच्या रचनेत ट्रंपेटचा एक एकल भाग आहे. तो वाजवण्याचा मान चाचणीत पहिल्या वर्गातल्या रेना या मुलीला मिळतो. काओरी ही शेवटच्या वर्षाची, सर्वांची लाडकी, स्वभावाने गोड. तिची ही अखेरची संधी. मुलांत कुजबुज सुरू होते, की रेनाच्या वडिलांची आणि शिक्षकांची ओळख आहे, म्हणून हा पक्षपात झाला. शिक्षक संतापत नाहीत. ते सभागृहात सर्वांसमक्ष दोघींना पुन्हा वाजवावयास लावतात आणि मुलांना म्हणतात, जी पसंत असेल तिच्यासाठी टाळ्या द्या. दोघींसाठी दोनचारच टाळ्या पडतात. बाकीची सभा गप्प बसते. कान एक सांगत असतो, मन दुसरे. शेवटी काओरी स्वतःच कबूल करते, की हा भाग मी वाजवू शकणार नाही.

नऊ वर्षांनी, 23 जून 2024 रोजी, तिसऱ्या पर्वाच्या बाराव्या भागात हाच पेच अधिक तीव्र होऊन परत आला. आता मालिकेची नायिका कुमिको शेवटच्या वर्षाला आहे आणि बँडची प्रमुख आहे. ट्रंपेट आणि युफोनियम या दोन वाद्यांनी जोडीने वाजवावयाचा एक भाग आहे. ट्रंपेट जिवलग मैत्रीण रेनाचे ठरलेले. तिच्या शेजारी बसून तो भाग वाजवावा हे कुमिकोचे स्वप्न. परंतु त्याच वर्षी दुसऱ्या शाळेतून आलेली मायु नावाची मुलगी युफोनियम तितक्याच किंवा अधिक सफाईने वाजवते. निवड पडद्याआड होते. दोघी पडद्यामागे क्रमाने वाजवतात; कोण आधी आणि कोण नंतर हे ऐकणाऱ्यांना ठाऊक नसते. मते सारखी पडतात. निर्णायक मत रेनाचे. इतकी वर्षे बरोबर वाजवलेल्या मैत्रिणीचा सूर तिला पडद्याआडूनही ओळखू येतो. आणि ओळखूनच ती दुसरीला मत देते, कारण तिच्या कानाला दुसरी सरस वाटते. कुमिको हरते, आणि बँडची प्रमुख या नात्याने सर्वांसमोर उभी राहून तो निर्णय आपला म्हणून स्वीकारते. रडते ती नंतर, मैत्रिणीजवळ, डोंगरावर.

मूळ कादंबरीत मात्र कुमिको जिंकते! मालिकेने निकाल फिरवला. त्या रात्री जपानात आणि जपानाबाहेर चाहत्यांचे दोन तट पडले. एक पक्ष म्हणाला, हा विश्वासघात आहे. नऊ वर्षे आम्ही या मुलीबरोबर चाललो, तिच्या कष्टांचे हेच का फळ? दुसरा पक्ष म्हणाला, पहिल्या पर्वात काओरी हरली तेव्हा ‘जो सरस तो पुढे’ हे तत्त्व तुम्ही मान्य केलेत. तेच आपल्या लाडक्या नायिकेला लागू पडताच अन्याय कसा झाला? मालिकेने आपलाच शब्द पाळला, इतकेच. कित्येकांनी हा भाग सर्वोत्कृष्ट ठरवला, कित्येकांनी तो अक्षम्य मानला. आणि गंमत अशी, की दोन्ही पक्षांच्या डोळ्यांना पाणी होते.

आता कोणी म्हणेल, चित्रातल्या मुलीसाठी एवढा कलह करणारे हे लोक खुळेच असले पाहिजेत. तसे म्हणण्यापूर्वी आपण आपल्या आज्यापणज्यांकडे पाहावे, अशी आमची विनंती आहे.

‘किमिगायो’ची नवी चाल वाजण्यापूर्वी तीनच दिवस, म्हणजे 31 ऑक्टोबर 1880 रोजी, पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘संगीत शाकुंतला’चा पहिला प्रयोग झाला. दोन वर्षांनी ‘सौभद्र’ आले. मराठी संगीत रंगभूमीच्या प्रेक्षकाचाही तोच जन्मकाळ. या नाटकांत पदांची रेलचेल असे, आणि प्रत्येक आवडत्या पदाला प्रेक्षक ‘वन्स मोअर’ मागत. शब्द इंग्रजी, हट्ट मराठी. नायक विरहाने व्याकूळ झालेला असो की मरणाच्या दारी उभा असो, त्याने परत फिरून तेच पद गाइले पाहिजे. नाटके पहाटेपर्यंत चालत ती काही एकट्या नाटककाराच्या लेखणीमुळे नव्हे; प्रेक्षकांच्या या मागणीचाही त्यात मोठा वाटा होता. भाऊराव कोल्हटकर 1901 साली निवर्तले तेव्हा संगीत नाटक संपले असे मानणारे रसिक होते. 1905 साली त्या मंडळीत नारायण श्रीपाद राजहंस म्हणजे बालगंधर्व आले, आणि संपलेली गोष्ट पुन्हा सुरू झाली.

12 मार्च 1911 रोजी मुंबईत ‘मानापमाना’चा पहिला प्रयोग होता. त्याच दिवशी बालगंधर्वांची लहान मुलगी वारली. प्रयोग रद्द झाला नाही. भामिनीच्या वेषात बालगंधर्व उभे राहिले आणि गाइले. ही हकीकत आपण कलानिष्ठेचे उदाहरण म्हणून सांगतो, आणि ते खरेच आहे. परंतु त्या हकीकतीत प्रेक्षक नावाचे एक पात्र आहे, याचा आपल्याला विसर पडतो. कलावंताला आपले दुःख दाराबाहेर ठेवावयास लावणारी शक्ती तिकीट काढून समोर बसलेली होती.

पुढे रंगभूमीवर दोन तारे तळपू लागले. एकीकडे 1913 साली निघालेल्या गंधर्व नाटक मंडळीचे बालगंधर्व: लडिवाळ, मुरका घेत रेंगाळणारा गोड गळा. दुसरीकडे 1908 साली हुबळीस स्थापन झालेल्या ललितकलादर्शचे केशवराव भोसले: उंच, तडफदार, आक्रमक आवाज. महाराष्ट्राचे दोन तट पडले. घरात एक भाऊ गंधर्वांचा, तर दुसरा केशवरावांचा. श्रेष्ठ कोण, हा वाद ओसरीवर, चहाच्या दुकानात, आगगाडीच्या डब्यात चाले. तो आजच्या मुलांच्या वादाहून रतिमात्र निराळा नव्हता.

आणि मग 8 जुलै 1921 ची रात्र उगवली. टिळकांच्या नावाने स्वराज्य फंड जमत होता. संकल्प एक कोट रुपयांचा. त्या फंडासाठी दोन्ही प्रतिस्पर्धी मंडळ्यांनी मुंबईच्या बालीवाला थिएटरात ‘मानापमाना’चा संयुक्त प्रयोग केला. भामिनी बालगंधर्वांची, धैर्यधर केशवरावांचा. एका रात्रीचे उत्पन्न सोळा हजारांच्या पुढे गेले. त्या काळच्या सोळा हजारांचे मोल किती, हे आपल्यातील वृद्धांनी आपल्या वडिलांकडून ऐकले असेल.

श्रोतेहो, त्या रात्री प्रेक्षागृहात काय चालले असेल याचा विचार करा. दोन्ही बाजूंचे अभिमानी एकाच छताखाली. एकाच्या पदाला ‘वन्स मोअर’ मिळाला, की दुसऱ्याच्या पक्षाने तो मोजावयाचा. उजीच्या सभागृहातली ती पुनर्परीक्षा आणि बालीवालातली ही रात्र यांत नाते नाही असे कोण म्हणेल? फरक एकच, पण तो मोठा आहे. इथे कोणाला हरवावयाचे नव्हते. धैर्यधर आणि भामिनी एकमेकांवाचून अपुरे. एकाने दुसऱ्याचा सूर मारला तर नाटकच पडावयाचे. शिवाय पैसा दोघांच्याही तिजोरीत जावयाचा नव्हता. ‘तुझा मोठा की माझा’ या वादाला ‘आपल्या सर्वांचे काय’ हे उत्तर मिळाले. त्यानंतर थोड्याच अवधीत, 4 ऑक्टोबर 1921 रोजी, केशवराव अवघ्या एकतिसाव्या वर्षी वारले. तो वाद कायमचा अनिर्णित राहिला. त्या पिढीला सुदैवाने निकालापेक्षा चांगली वस्तू मिळाली होती, ती म्हणजे आठवण.

परंतु प्रेमाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. बालगंधर्वांवर महाराष्ट्राने जेवढे प्रेम केले तेवढे क्वचितच कोणा नटाच्या वाट्यास आले असेल. त्यांची नेसण, त्यांची केशरचना घरंदाज स्त्रियांनी उचलली. पण याच प्रेमाने त्यांना एका चौकटीत बसवले. 1935 साली प्रभातच्या ‘धर्मात्मा’ चित्रपटात ते एकनाथांच्या, म्हणजे पुरुषाच्या भूमिकेत आले, तेव्हा प्रेक्षकांनी ते रूप मनापासून पत्करले नाही. त्यांना भामिनी हवी होती, रुक्मिणी हवी होती, सिंधू हवी होती. वय वाढले, शरीर थकले, तरी मागणी तीच. ‘वन्स मोअर’ या शब्दांचा अर्थच मुळी असा आहे, की आम्हांला नवे नको, जे आवडले तेच पुन्हा दे. दाद ही कलावंताला पंख देते, तशीच कधी पायांत बेडीही घालते.

आपल्या शास्त्रकारांनी रसिकाला ‘सहृदय’ असा सुंदर शब्द योजला आहे. आनंदवर्धन आणि अभिनवगुप्त यांनी काव्याचा विचार करताना कवीइतकेच स्थान या सहृदयाला दिले. सहृदय म्हणजे ज्याचे हृदय कलाकृतीशी समान झाले तो. त्यात प्रेम आहेच, पण नुसती आसक्ती नाही. रेनाने मत दिले ते सहृदयाचे मत होते, असे आम्हांला वाटते. मैत्री तिने मोडली नाही. मैत्रीला तिने कानावर बसू दिले नाही. आणि ज्या चाहत्यांना त्या निकालाने दुःख झाले तेही चुकले असे आम्ही म्हणणार नाही. निकाल योग्य आहे हे कळूनही दुःख होणे, हीच खऱ्या प्रेमाची खूण आहे. दुःख होते म्हणून निकाल अयोग्य ठरवणे, तिथे मात्र वाट चुकते.

चाहत्यांच्या प्रेमाची खरी परीक्षा निकालाच्या दिवशी होत नाही, संकटाच्या दिवशी होते. 18 जुलै 2019 रोजी क्योतो ॲनिमेशनच्या इमारतीला एका माथेफिरूने आग लावली. छत्तीस माणसे गेली. युफोनियम मालिकेतल्या पात्रांची रूपे ज्यांच्या हातून घडली त्या शोको इकेदा त्यांत होत्या. जगभरच्या चाहत्यांनी तीन अब्ज येनांहून अधिक निधी गोळा केला. 2024 चे तिसरे पर्व त्या राखेतून उभे राहिले आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे एका भागावरून लोक इतके हळवे का झाले याचा उलगडा होतो. आणि योगायोग पाहा: त्याच 2024 साली, 8 ऑगस्टच्या रात्री, कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह जळाले. शाहू महाराजांनी बांधवलेले, 1915 साली उघडलेले ते मूळचे पॅलेस थिएटर. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. ज्यांनी केशवरावांना कधी ऐकले नव्हते, ऐकणे शक्यच नव्हते, अशी कोल्हापूरची माणसे त्या भिंतींसमोर उभी राहून रडली. ते अश्रू दगडविटांसाठी नव्हते. आपण जिथे एकत्र बसून हसलो, रडलो, ओरडलो ती जागा गेली, याचे ते दुःख होते.

आता आपल्या पालघरकडे येऊ. आपल्या जिल्ह्याला स्वतःचे एक पथकवाद्य आहे, आणि ते कोणत्याही बँडहून जुने आहे. ते म्हणजे तारपा. वाळलेला दुध्या भोपळा, दोन बांबूच्या नळ्या, पुढे ताडाच्या पानांचा कर्णा आणि जोडण्यास मेण, एवढेच त्याचे साहित्य. डहाणू-जव्हारकडे भाताचे पीक हाताशी आले म्हणजे तो वाजू लागतो. वाजवणारा श्वास तुटू न देता सूर धरून ठेवतो. नाचणारे एकमेकांच्या कमरेला हात घालून त्याच्या भोवती वळसे घेतात आणि तारप्याला पाठ दाखवत नाहीत. त्याने चाल बदलली, की पावले बदलतात. तिथे पडदा नाही, तिकीट नाही, ‘वन्स मोअर’ही नाही. कारण ऐकणारा निराळा बसलेलाच नाही. दाद द्यावयाची ती पायांनी. तारपेकऱ्याचा सूर चांगला लागला की नाही याचा निकाल त्याच क्षणी रांगेच्या चालीवरून कळतो.

गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांनी हे वळसे कागदावर आणि कापडावर नेले. 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली, 2018 साली ते गेले. आज त्या नाचाचे चित्र पडद्यांवर, कपांवर, सरकारी भिंतींवर सर्वत्र दिसते. तारपा डोळ्यांना इतका परिचित झाला, पण आपल्यापैकी किती जणांनी तो जवळ उभे राहून ऐकला आहे? बोईसरच्या कारखान्यांत देशभरातून माणसे आली. त्यांची मुले इथेच वाढली. त्यांना युफोनियमचा आवाज ओळखता येतो आणि सातआठ कोसांवरच्या तारप्याचा येत नाही, यात त्या मुलांचा दोष नाही. त्यांना तो कोणी ऐकवला नाही. वाद्य टिकते ते संग्रहालयात नव्हे; ज्याला ते नीट वाजले की नाही हे समजते अशा कानांत टिकते. असे कान सरले, की वाजवणारा कितीही थोर असो, तो पडद्याआड एकटाच वाजवत राहतो.

म्हणून मुलांच्या त्या वादाला हसू नये, असे आमचे सांगणे आहे. चित्रातल्या मुलीचा सूर सरस की नाही यावर जी मुले रात्र जागवतात, ती ऐकण्याची कला शिकत आहेत. डहाणूच्या गाडीत सकाळी टाळ वाजवत भजन म्हणणारी मंडळी, लेझीम खेळणारी शाळेतली पोरे, तारप्याभोवती फिरणारी रांग आणि 1921 सालचे ते गंधर्वभक्त, ही सारी एकाच शाळेचे विद्यार्थी आहेत. त्या मुलांना आपण दोन गोष्टी द्याव्यात. एक, आपल्या आज्यापणज्यांच्या वादाची गोष्ट, म्हणजे आपण एकटेच असे वेडे नाही हे त्यांना कळेल. दुसरी, पीक हाती आल्यावरच्या एखाद्या संध्याकाळी जव्हार-डहाणूकडच्या पाड्याची वाट. तिथे त्यांना कुणी मत विचारणार नाही. हात धरून रांगेत घेतील, आणि मग आपला पाय सुरावर पडतो की नाही हे त्यांचे त्यांनाच कळेल.